भोपळ्याची बोली आणि जिरलेले घड

वाचकाचं पत्र (जागेसाठी आटोपशीर केलेलं)

आदरणीय ताई, प्रभूच्या नावात सलाम.

माझं वय ५७. निफाड तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. आमच्या मंडळीत अकरा वर्षं पंच आहे, त्यातली सहा वर्षं खजिनदार. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला द्यायला कधी चुकलो नाही. वडिलांच्या वेळेपासून घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होते.

यंदा दोन गोष्टींनी खचलोय. एक बागेची. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुटली झकास, पण पावसाने आठ दिवस सोडलं नाही आणि निम्मे घड जिरले. दुसरी मुलीची. ती पुण्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कापणीचा सण झाला. उपासनेनंतर अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव असतो. मी एक भोपळा ५,१०० रुपयांना घेतला. पाळकसाहेबांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. घरी येताना पिकअपमध्ये मुलगी म्हणाली, "पप्पा, भोपळ्याचे पाच हजार शंभर रोख दिलेत. छाटणीवाल्या टोळीचे अठरा हजार राहिलेत ना अजून?" मी रागावलो. गेल्या हंगामात व्यापाऱ्याने माझेच पैसे बुडवले, हे तिला ठाऊक आहे. तर म्हणते, "तुमची भक्ती नुसती पानं आहे." तेव्हापासून ती चर्चला गेलेली नाही. नाताळलाही येणार नाही म्हणते. पंचाच्याच मुलीने असं केलं तर लोक काय म्हणतील? कमिटीत कुजबुज सुरू झाली आहे. तिला परत विश्वासात कसं आणू? आणि मी राजीनामा द्यावा का?

— एक दुःखी पिता

भाऊ, सलाम.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं. ते मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला आणि तिसऱ्यांदा मी पेन्सिल घेऊन बसले. "लोक काय म्हणतील" हे वाक्य थोड्याफार फरकाने पाच वेळा आलंय. वर मी ते एकदाच ठेवलं. टोळीचे अठरा हजार नंतर दिलेत की नाही, ते मात्र चार पानांत कुठेच नाही.

म्हणून आधी तेवढंच विचारते. दिलेत का?

दिले असतील तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या. दिले नसतील तर हे वाचून संपवायच्या आधी मुकादमाला फोन करा. मी वाट बघते.

व्यापाऱ्याने पैसे बुडवले, हे मी हलकं धरत नाही. माझं माहेर दिंडोरीकडचं. माझ्या भावावरही अशी एक वेळ आली होती. गाडी भरून गेली, चेक आला, चेक परत आला आणि त्या वर्षी घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. पण व्यापाऱ्याने तुमच्याशी जे केलं तेच तुम्ही टोळीशी केलंत. रक्कम लहान आणि तुमची नियत चांगली, एवढाच फरक. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या त्या बायकांनी तुमच्या वेलींच्या डोळ्यांना फुटीसाठी पेस्ट लावली. त्या पेस्टने हात कसे चुरचुरतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या आपल्या गावी परत गेल्या तेव्हा त्यांच्या हातात तुमची नियत नव्हती, नुसती चुरचुर होती.

बायबलात लेवीयच्या १९व्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवायचीही मनाई आहे. याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो की, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. मजूर ओरडतात ते वेगळं, इथे मजुरीच ओरडते, आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. त्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजत होत्या, तेव्हा स्वर्गात काय ऐकू येत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. भाऊ, हे कठोर वाटेल. वाटू द्या.

आता बागेकडे येते. द्राक्षातलं तुम्हाला मी काय सांगणार? पण ऑक्टोबरात माहेरी गेलं की भावाच्या मागे ओळींतून हिंडायची मला खोड आहे. छाटणीला पंधराएक दिवस झाले, फूट पाच-सहा पानांवर आली की तो सकाळी चहासुद्धा न घेता बागेत शिरतो. पानांकडे तो बघतच नाही. एका बोटाने शेंडा वर उचलतो, पानाआड बघतो, सोडतो, पुढची फूट उचलतो. घड दिसला तर गप्प. नाही दिसला तर एकच शब्द बोलतो, "बाळी." गेल्या खेपेस एका ओळीत त्याने तो शब्द इतक्यांदा उच्चारला की मी मोजायचं सोडून दिलं आणि घरी जाऊन वहिनीला म्हटलं, आज त्याला जेवायला लवकर वाढ.

ज्यांच्याकडे बाग नाही अशा वाचकांसाठी सांगते. वेलीवर ज्या जागी घड यायचा, त्या जागी पोषण कमी पडलं, ऊन मिळालं नाही, मुळं पाण्यात बसली, की घड बारीक बारीक होत जिरतो आणि त्याची बाळी होते. बाळी म्हणजे तारेला वेटोळं घालणारा तो हिरवा दोरा. घड आणि बाळी एकाच जागेची लेकरं. घडात जीव साठतो तो कोणाच्या तरी तोंडी जाण्यासाठी. बाळीत तोच जीव वेलीला तारेला धरून वर राहण्यात खर्च होतो. आणि लांबून बघाल तर घड जिरलेली बाग उलट जास्त हिरवी दिसते, कारण तिला ओझंच नसतं. बागाईतदार म्हणतात ना, वेल माजली.

भोपळ्याची बोली ही अशी बाळी होती. ते ५,१०० रुपये घड होऊ शकले असते. सुरगाण्यातल्या कुठल्यातरी घरात त्यातून तेल-मीठ आलं असतं. ते टाळ्यांच्या तारेला जाऊन गुंडाळले गेले. वाईट माणूस असं करतो असं मी म्हणत नाही. चांगल्या बागेतच घड जिरतात. बाभळीचे घड जिरले असं कधी कोणी ऐकलंय?

तुम्ही पावसाला दोष दिलात. पाऊस आहेच. पण मला वाटतं, तुमच्यासारख्या जुन्या बागाईतदाराला अर्धी गोष्ट आठवली आणि अर्धी राहिली. घड ऑक्टोबरात दिसतो, पण काडीत धरतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाळ्यात, डोळ्याच्या आत, कोणाला दिसणार नाही असा. त्या दिवसांत बागेला ना व्यापारी विचारतो ना पाहुणा. आणि तेव्हा तुम्ही काय करता? विरळणी करता, शेंडे मारता. काडीच्या डोळ्यावर ऊन पडावं म्हणून पानंच कमी करता. आत जे धरलं असेल तेच पुढे ऑक्टोबरात बाहेर येतं. आत काहीच धरलेलं नसेल तर छाटणीनंतर कितीही फवारा.

तुमची रविवारची उपासना, लिलाव, पंचकमिटी, हे सगळं ऑक्टोबर आहे. मी तुम्हाला विचारतेय ते मे महिन्याबद्दल. मुकादम दारात उभा होता तेव्हा तुम्ही त्याला आत बोलावलंत की ओट्यावरूनच "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणालात? मुलगी पिकअपमध्ये बोलली तेव्हा तुम्ही किती मोठ्याने ओरडलात? घरची मंडळी शेजारी बसली होती का? त्यांचं नाव पत्रात एकदाही नाही, म्हणून विचारलं.

अंजिराच्या झाडाची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. मार्क ११. येशूला भूक लागली होती, लांबून पानांनी भरलेलं झाड दिसलं, जवळ जाऊन बघतो तर पानांखेरीज काही नाही. तिथे एक वाक्य आहे, ते अनेकांना खुपतं: तो अंजिरांचा हंगाम नव्हता. मग बिचाऱ्या झाडाचा काय दोष? माझ्या संडे स्कूलमधल्या एका मुलाने मला हे विचारलं होतं आणि त्या रविवारी माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कळलं. त्या देशात वल्हांडण सणाच्या सुमाराला अंजिराला पानं फुटतात, आणि पानांबरोबरच छोटी कच्ची फळंही येतात. मुख्य हंगामाची नव्हेत, पण भुकेला माणूस तोंडात टाकतो अशी. बाकीची झाडं अजून बोडकी असताना पानं मिरवणारं झाड जणू सांगत होतं, या, माझ्याकडे काहीतरी आहे. फळाची वेळ झाली नव्हती हा त्याचा दोष नव्हताच. त्याने पाहुणा बोलावला आणि ताट रिकामं निघालं. पुरंदरकडच्या अंजीरवाल्यांना हे मी सांगायची गरज नाही.

आणि मार्कने ही गोष्ट मधोमध कापली आहे, हे बघा. आधी झाड, मग येशू मंदिरात जातो आणि सराफांचे चौरंग उलथे करतो, मग दुसऱ्या दिवशी झाड मुळापासून वाळलेलं. मंदिरात त्या दिवशी गर्दी होती, अर्पणं होती, देवाण-घेवाण होती, सण होता. हिरवंगार होतं सगळं.

यशयाचा ५वा अध्याय तर तुमच्यासारख्यांसाठीच लिहिलाय. द्राक्षमळ्याचं गीत. देव मळा लावतो, दगड वेचतो, उत्तम वेल लावतो, द्राक्षकुंड खणतो आणि येतात रानद्राक्षं. शेवटी यशया फोड करतो तेव्हा फळ म्हणजे काय ते कळतं. देवाने 'मिश्पात' म्हणजे न्याय शोधला, मिळाला 'मिस्पाख', रक्तपात. 'त्सेदाका' म्हणजे नीतिमत्त्व शोधलं, मिळाली 'त्सेआका', आक्रोश. इब्री शब्द कानाला जवळजवळ सारखेच आहेत. लांबून घडच वाटावा असा प्रत्येक शब्द, तोंडात घातला की आंबट. आणि ते फळ चाखलं कोणी? आक्रोश करणाऱ्याने. मळ्याच्या मालकाला फळाची चव मजुराकडून कळते, पंचांच्या अहवालातून नाही. हे मी लिहिते तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो, कारण मीही बरेच अहवाल लिहिलेत.

इथे जरा आपल्या मंडळ्यांनाही दोन शब्द ऐकवते. दोष तुमच्या एकट्याचा नाही. लिलावात बोली वाढवायला माईकवरून नावं कोण पुकारतं? वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने कोण छापतं? "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" हे बाकड्याच्या पाठीवर, ट्यूबलाइटवर, एका ठिकाणी तर मी पाण्याच्या माठावरही पाहिलंय. डोंगरावरच्या प्रवचनात उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हटलंय, आणि आपण डाव्या हाताला टाळ्या वाजवायला लावतो. माणूस मग तारेलाच धरायला शिकतो. लिलाव बंद करा असं मी म्हणत नाही, मलाही तिथली स्वस्तातली कोथिंबीर आवडते.

आणि माझंही सांगते. काही वर्षांपूर्वी एका नाताळला मी सकाळच्या उपासनेत पृथ्वीवरच्या शांतीचं गाणं पहिल्या रांगेत उभी राहून गायले. माझ्याकडे धुणंभांडी करणारी बाई, तीही ख्रिस्तीच, त्या वेळी माझ्या मोरीत करंजीचे तेलकट डबे घासत होती, कारण मी तिला अर्धीच सुट्टी दिली होती. घरी आले तेव्हा ती म्हणाली, "बाई, कसं झालं भजन?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता राजीनामा. नका देऊ. निदान आत्ता नको. रागाच्या भरात किंवा लाजेने दिलेला राजीनामाही लोकांनी बघावा म्हणूनच असतो. चार लोक घरी येणार, समजूत काढणार, तुम्ही नाही-होय करणार, परत टाळ्या. शिवाय पानांना मी नावं ठेवत नाहीये. एक घड पोसायला दहा-पंधरा पानं लागतात, हे तुम्ही मला सांगाल. दशांश, उपासना, संध्याकाळची प्रार्थना ही पानंच आहेत, आणि पानं नसतील तर घड उन्हाने भाजून जाईल. एवढंच बघा की पानांआड काही आहे का. खजिनदारकीची मुदत संपेल तेव्हा शांतपणे वह्या दुसऱ्याच्या हाती द्या. पुढच्या कापणीच्या सणाला बोली लावू नका. द्यायचं असेल तर बंद पाकिटात, नाव न घालता पेटीत टाका. बघा किती जड जातं. मला पहिल्या वेळी फार जड गेलं होतं. पाकिटावर निदान आद्याक्षरं तरी घालावीत असं वाटत होतं.

गलतीकरांच्या पत्रातली नऊ नावं तुम्हाला पाठ असतील: प्रीती, आनंद, शांती आणि पुढची. एकच बघा, पौल देहाची 'कर्मे' म्हणतो, अनेकवचनात, आणि आत्म्याचं 'फळ' म्हणतो, एकवचनात. कर्मांची यादी करता येते. तुम्ही केलीत तशी: अकरा वर्षं, सहा वर्षं, कधी न चुकलेला दशांश. सहनशीलतेची नोंद कुठल्या वहीत करणार? ती मुकादमाला विचारावी लागते. ममता विचारायची तर पुण्याला फोन लावावा लागेल.

तुम्ही म्हणाल, सत्तावन्नाव्या वर्षी, अकरा वर्षं पंच राहून आता मी नव्याने काय सुरू करू? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ साली झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, नाव देशभर झालं होतं, काम चालू होतं. आणि त्यानंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. एवढी विदुषी, एवढं काम आणि हे कबूल करायला त्या लाजल्या नाहीत. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, मूळ भाषांतून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्या कबुलीच्या नंतरचं आहे.

आता मुलीकडे येते. तुमचा प्रश्न, तिला परत विश्वासात कसं आणू. भाऊ, ती कुठे गेलीय हे मला कळलेलं नाही. चर्चमधून गेलीय, हे खरं. पण त्या संध्याकाळी पिकअपमध्ये तिघं जण होता असं धरू: तुम्ही, ती आणि मांडीवर भोपळा. त्या तिघांत याकोबाचं पत्र ज्याला आठवलं ती तुमची मुलगी होती. मजुरांचा हिशोब तिच्या लक्षात होता. वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या पोरीला, कोणाचं काय दुखतंय हे आधी दिसायची सवय लागते. तुम्हाला तिचा उद्धटपणा दिसला. मला तिथे एक घड दिसला, बारीक आणि आंबट, पण घड. तो धरला कुठे असेल? तुमच्याच घरात, तुमच्याच संध्याकाळच्या प्रार्थनांमध्ये. त्या अगदीच नुसती पानं नव्हत्या, असं मला तरी वाटतं.

योहानाच्या १५व्या अध्यायात पिता माळी आहे, आणि कात्री दोन प्रकारे चालते. फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो. फळ देणारा फाटा अधिक फळ यावं म्हणून साफसूफ करतो. वाळलेल्या काडीवर कोणी कात्री जपून चालवत नाही, तुम्हीही चालवत नाही. ताज्या काडीतूनच छाटल्यावर पाणी गळतं. मुलीच्या एका वाक्याने तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, चार पानांचं पत्र लिहावंसं वाटलं, यावरून मला वाटतं की काडी वाळलेली नाही.

म्हणून हे करा. बँकेतून पैसे काढा आणि टोळीच्या गावी स्वतः जा. फोनवरून पाठवता येतात, तरी जा. मुकादमाच्या एकट्याच्या हातात देऊन येऊ नका, बायकांसमोर मोजून द्या, उशीर झाला म्हणून वर काही द्या आणि "चुकलं माझं" म्हणा. "व्यापाऱ्याने बुडवले" हे तिथे बोलायचं नाही. चहा दिला तर प्या. बसायला गोणपाट दिलं तर गोणपाटावर बसा. प्रार्थना करू का असं विचारू नका. बायबल पिकअपमध्येच राहू द्या.

परत आल्यावर याची साक्ष देऊ नका. रविवारी उभं राहून "प्रभूने माझ्याशी बोललं आणि मी मजुरांचे पैसे दिले" असं सांगायचा मोह होईल, फार गोड मोह असतो तो. पाळकसाहेब खूश होतील. तोंड मिटून बसा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही, फोटो तर मुळीच नाही.

आणि सगळ्यात अवघड: मुलीलाही सांगू नका. "दिले बरं का तुझ्या टोळीचे" असा फोन केलात की तो पुन्हा लिलावच होईल, फक्त बोली लावणारे तुम्ही आणि टाळ्या वाजवणारी ती. तिने विचारलं तर "हो, दिले" एवढंच म्हणा आणि हॉस्टेलच्या जेवणाची चौकशी करा. नाही विचारलं तर गप्प राहा. तिला पत्र लिहिणार असाल तर त्यात पिकअपमधल्या ओरडण्याची माफी मागा. चर्चचं नाव त्या पत्रात काढू नका. ती नाताळला घरी आली आणि उपासनेला गेली नाही, तर तुम्ही एकटे जा आणि कोणी विचारलं तर "घरी आहे, झोपलीय, रात्रपाळ्या करून आलीय" म्हणा. खोटं नाही ते. तिला उठवू नका.

ती चर्चला कधी येईल, येईल की नाही, हे मला सांगता येत नाही. लूकच्या १३व्या अध्यायातला माळी मालकाला म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. तो झाडाला काही बोलत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?

एक राहिलं. भोपळ्याचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही. लाल भोपळा देठासकट असेल तर दोन महिने सहज टिकतो, तेव्हा अजून ओट्याखाली असेल. टोळीकडे जाताना तो भेट म्हणून घेऊन जाऊ नका, त्यांना पैसे हवेत. घरीच कापा. गूळ घालून घारगे करायला सांगा, किंवा स्वतः करा, पीठ फार घट्ट भिजवू नका. मुलगी आली तर डब्यात बांधून द्या, होस्टेलवर चार दिवस पुरतात.

तुमची,
ताई